शेडा, मारवेल, कुसळी: बेळगाव सीमाभागातल्या माळांची पार्श्वभूमी

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कणकुंबी, तिथे वर्षाला काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. बेळगाव शहरात तो तेराशेच्या आसपास उरतो आणि पूर्वेकडे अथणीला पोचेपर्यंत पाचशे-सहाशेवर येतो. हा सगळा उतार एकाच जिल्ह्यातला. पावसाबरोबर जमीनही बदलत जाते. खानापूर-जांबोटीकडे जांभा, गोकाकच्या धबधब्याभोवती तांबूस वालुकाश्म, तर चिकोडी-अथणीकडे काळा बेसाल्ट आणि त्यावर कुठे खोल काळी रानं, कुठे वीतभर मुरूम. यात जिथे नांगर चालला नाही आणि दाट जंगलही नाही, तिथे गवत आहे. सरकारी कागदावर मात्र या सगळ्याला शतकभराहून जास्त काळ एकच शब्द पुरला: पडीक.

इथल्या गवतांची नावं शास्त्राच्या दप्तरी फार लवकर गेली. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात इलाख्यातल्या वनस्पतींची सविस्तर सूची छापली, तिच्यात रिची नावाच्या संग्राहकाने बेळगाव परिसरातून गोळा केलेल्या नमुन्यांची नोंद पुन्हा पुन्हा भेटते. 1935 मध्ये ब्लॅटर आणि मॅकॅन यांचं मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचं पुस्तक आलं. पण या मंडळींचा प्रश्न ‘ही जात कोणती’ एवढाच होता. कोणतं गवत कोणाच्या शेजारी उगवतं, चराई वाढली की आधी कोण जातं आणि जागा कोण घेतं, हे त्यांनी विचारलं नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना झाली. चंदगड मुंबई राज्यात राहिलं, खानापूर म्हैसूर राज्यात गेलं. त्यानंतरच्या वनस्पतिसूच्या राज्यवार निघत गेल्या, त्यामुळे एकाच सलग पठारावरचं गवत शोधायला आज दोन ग्रंथ उघडावे लागतात. सीमाप्रश्नाच्या तक्रारींत ही कोणी धरत नाही, धरायला हरकत नाही.

‘पडीक’ हा शिक्का वनस्पतिशास्त्राने मारलेला नाही, तो महसुलाचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात मुंबई इलाख्यात जमिनीची पैमाष झाली, ती पीक किती येईल या एकाच हिशोबाने. जिथे पीक येणार नाही ते खराबा. गावच्या गुरांसाठी गायरान राखलं जाई खरं, पण मोल पिकाच्या जमिनीला. कर्नाटकातल्या उताऱ्यावर आजही ‘अ खराब’, ‘ब खराब’ अशा नोंदी दिसतात, त्या याच वंशातल्या. पश्चिमेकडे गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. खानापूरच्या डोंगरउतारांवर जंगल तोडून, जाळून नाचणीसारखी पिकं घेण्याची कुमरी शेती चाले. सरकारने तिच्यावर बंधनं आणली, 1878 च्या वनकायद्याने उरलेली पकड घट्ट केली आणि डोंगर वनखात्याकडे गेले. पूर्वेचं गवत महसूल खात्याच्या हिशोबात नापीक, पश्चिमेचं गवत वनखात्याच्या हिशोबात तुटलेलं जंगल. गवत म्हणून त्याला कोणत्याच दप्तरात जागा नव्हती.

या दुसऱ्या समजुतीला विसाव्या शतकात शास्त्राचा आधारही मिळाला. अमेरिकेत फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी 1916 मध्ये मांडलं, की कोणत्याही जागेवरची वनस्पती पायरीपायरीने बदलत त्या हवामानाला साजेशा अंतिम अवस्थेला पोचते. दहा वर्षांनी हेन्री ग्लीसन यांनी त्याला छेद दिला: प्रत्येक जात आपल्या गरजेनुसार येते-जाते, समूह ठरलेल्या मार्गाने चालत नाही. भारतात वजन पडलं ते पहिल्या विचाराचं. हॅरी चॅम्पियन यांच्या 1936 च्या वनप्रकारांच्या वर्गीकरणात आणि 1968 मधल्या सुधारित आवृत्तीत गवताळ रानं बहुतेक वेळा जंगलाची खालावलेली अवस्था म्हणून येतात. म्हणजे गवत दिसलं की कुऱ्हाड, आग किंवा गुरं यांपैकी कोणीतरी गुन्हेगार आहे असं गृहीत धरायचं.

गवताकडे गवत म्हणून पाहणारं देशव्यापी काम त्यानंतर झालं. झाशीला 1962 मध्ये भारतीय चराऊ कुरण आणि चारा संशोधन संस्था उभी राहिली, तिचं दक्षिण विभागाचं केंद्र आपल्या शेजारी धारवाडला आहे. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी 1973 मध्ये देशाच्या गवतआच्छादनाचे पाच मोठे प्रकार पाडले. द्वीपकल्पाचा मोठा भाग, त्यात आपला जिल्हाही, शेडा आणि मारवेल या दोन गवतांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गटात येतो. गंमत म्हणजे, गवताची बाजू इतकी बारकाईने मांडणाऱ्या या कामातही चौकट पायऱ्यांचीच राहिली.

तरीही त्यातला चराईचा क्रम शिवारात ताडून पाहता येतो आणि तो पटतो. माळ राखलेला असेल तर शेडा, पवना, डोंगरी अशी बहुवर्षायू, गुरांना गोड लागणारी गवतं दिसतात. सखल, खोल मातीत मारवेल. काळ्या रानात कुंदा (बेळगावची मिठाई नव्हे, गवत), ज्याच्या खोल मुळ्या उपसताना शेतकऱ्यांच्या पिढ्या दमल्या. चराई वाढली की गोड गवतं आधी जातात, कारण जनावर तीच निवडून खातं, बी धरू देत नाही. मग कुसळी पसरते. तिच्या बियांची शेपटी ओल्या-कोरड्या हवेत पिळते-उलगडते आणि बी जमिनीत भोक पाडून शिरतं, त्यामुळे वरून आग गेली तरी ते वाचतं. तेच कुसळ मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत घुसतं, म्हणून मेंढपाळ कुसळी तुरे धरण्याआधी कोवळी असतानाच चारून घेतात. त्याच्याही पुढे रान झिजलं की निकस वर्षायू गवतं, तरवड आणि उघडा मुरूम.

मूळ समजुतीला धक्का बसला तो गेल्या वीस वर्षांत. महेश संकरन आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये आफ्रिकेतल्या शेकडो ठिकाणांची माहिती जुळवून दाखवलं, की वर्षाला साधारण 650 मिलिमीटरपेक्षा कमी पाऊस असेल तर झाडांची दाटी पाण्यामुळेच मर्यादित राहते, आग लागो न लागो. त्याहून जास्त पाऊस असेल तर मोकळं रान मोकळं ठेवायला आग, चराई असं काहीतरी लागतं. 2011 मध्ये जयश्री रत्नम आणि सहकाऱ्यांनी थेट प्रश्न केला, की आशियात आपण ज्यांना विरळ जंगल म्हणतो ती खरं तर सॅव्हाना, म्हणजे गवत आणि विखुरलेली झाडं यांची स्वतंत्र व्यवस्था आहे का.

650 मिलिमीटरचा हा आकडा आफ्रिकेचा आहे, चार महिन्यांत सगळा पाऊस कोसळणाऱ्या आपल्याकडे तो तसाच्या तसा लावता येणार नाही. पण तशी रेघ ओढायची झाली तर ती बेळगाव जिल्ह्याच्या मधूनच जाईल, आणि माझ्या मते इथल्या माळांबद्दलचा सगळा गोंधळ या एका गोष्टीत आहे. खानापूरकडच्या उतारांवर गवतकापणी, चराई आणि वणवा थांबवा, काही वर्षांत करवंद, रानमोडी आणि मग झाडोरा चढतो. तिथे ‘जंगल परत येतंय’ म्हणणं बहुतेक ठिकाणी खरं ठरेल. अथणी, रायबाग, गोकाकच्या कोरड्या माळावर तसं होत नाही. तिथे हिवर, बोर, बाभूळ लांब लांब उभी आणि मध्ये गवत, ही रानाची बिघडलेली अवस्था नाही, तीच त्याची घडण आहे. जांभ्याचे सडे, म्हणजे उघडी कातळी पठारं, या हिशोबातही बसत नाहीत. चोर्ला-जांबोटीकडे पाऊस मुबलक, पण कातळावर माती बोटभर. चार महिने पाणी साचतं, मग आठ महिने दगड तापतो. झाड रुजणार कुठे? तिथे गेंद आणि सीतेची आसवं फुलतात आणि दिवाळीपर्यंत संपतात.

माळ फार जुने आहेत याचा एक पुरावा मराठीतूनच आला. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी 2025 मध्ये पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या मराठी कथा-काव्यांत आणि ओव्यांत आलेली रानझाडं तपासली. त्यांत मोकळ्या, काटेरी माळाची झाडंच जास्त निघाली, जंगलाची मोजकी. तो अभ्यास आपल्या तालुक्यांचा नाही, पण कुर्ली-अप्पाचीवाडीच्या हालसिद्धनाथाची भाकणूक (देवाच्या नावाने सांगितलं जाणारं भविष्य) ज्यांनी ऐकली आहे, त्यांना इथेही असं साहित्य किती पडून आहे हे सांगायला नको. बिरोबाच्या कन्नड गाण्यांचा तर कोणी या नजरेने विचारही केलेला दिसत नाही.

धोरण मात्र जुन्याच समजुतीवर चाललं. 1983 पासून कर्नाटकात सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली निलगिरी पसरली, 1985 मध्ये राष्ट्रीय पडीक जमीन विकास मंडळ स्थापन झालं. हावेरी जिल्ह्यात राणेबेन्नूरला काळविटांसाठी अभयारण्य झालं, पण त्याचा मोठा भाग निलगिरीखाली गेला आणि तिथला माळढोक दिसेनासा झाला. निलगिरीच्या नव्या लागवडीवर राज्याने 2017 मध्ये बंदी आणली. एकोणिसाव्या शतकात देशात आलेली वेडी बाभूळ, कन्नडात बळ्ळारी जाली, ओढ्यांच्या काठाने पसरलीच आहे. 1950 च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलेलं काँग्रेस गवत तर आता प्रत्येक बांधावर आहे.

पूर्वेच्या माळांचं आज सर्वात मोठं नुकसान झाडं लावण्याने होतंय असंही नाही. कृष्णा आणि घटप्रभेचं पाणी पोचलं तिथे माळाचा ऊस झाला. उरलेल्या तुकड्यांवर पूर्वीइतकीच मेंढरं आली. धनगर-कुरुबर मेंढपाळ सुगीनंतर कळप घेऊन बाहेर पडत, शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत, बदल्यात धान्य किंवा पैसे देत. त्या काळात घरचा माळ मोकळा राही. आता बारमाही ओलितामुळे कापणीनंतर रिकामं रान मिळणं अवघड झालं, जुन्या वाटांवर कुंपणं आली. कळप एकाच गायरानावर जास्त दिवस थांबतात. शेडा आणि पवना भाद्रपद-आश्विनात बी धरतात, नेमकी तेव्हा त्यांना उसंत मिळत नाही. त्यामुळे पावसात काही फरक न पडताही तो माळ कुसळीकडे आणि कुसळीकडून मुरमाकडे सरकतो.