शिकाऊ डिटेक्टिव्ह मध्येच का सोडून जातात?

इंग्लंड-वेल्समध्ये डिटेक्टिव्ह व्हायचं तर आधी गणवेशात गस्त घालायची, परिविक्षेची (प्रोबेशनची) दोन वर्षं काढायची आणि मग तपास शाखेत जायचं, अशी जुनी रीत. २०१७ मध्ये तिथल्या पोलीस निरीक्षणालयाने डिटेक्टिव्हांच्या तुटवड्याला ‘राष्ट्रीय संकट’ म्हटलं. त्याच वर्षी लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी गणवेशातला हा टप्पा वगळून डिटेक्टिव्हांची थेट भरती सुरू केली. पण माणसं घेणं वेगळं आणि टिकवणं वेगळं.

आपल्याला वाटतं, मृतदेह आणि रक्त पाहून ही मुलं खचत असतील. तोही भाग आहेच, पण रोज दमछाक करतं ते फाइलचं काम. घरगुती मारहाणीची एक तक्रार घ्या. संशयित कोठडीत आहे. साधारण २४ तासांत आरोप ठेवायचा किंवा त्याला सोडायचं. पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघायचं. त्यात शेजारणीचा चेहरा दिसतो, कुणीतरी फोन नंबर सांगतं, बाहेरच्या गाडीची नंबरप्लेट येते. २०२० अखेरच्या नव्या मार्गदर्शक सूचनांनंतर फाइल सरकारी वकिलांकडे जाण्याआधीच असा खासगी तपशील झाकण्याचं काम फार वाढलं. वकिलांनी आरोप ठेवायला नकार दिला, तर सगळी मेहनत वाया. शिवाय नॅशनल इन्व्हेस्टिगेटर्स एक्झामचा, म्हणजे डिटेक्टिव्ह होण्यासाठीच्या परीक्षेचा अभ्यास असतोच.

कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेलं या ताणाचं प्रारूप इथे नेमकं लागू पडतं. नुसत्या कामाच्या भाराने माणूस तितका मोडत नाही. भार जास्त आणि त्यावर स्वतःचा ताबा कमी, ही जोडी घातक. किती केसेस अंगावर येणार, हे शिकाऊ डिटेक्टिव्ह ठरवत नाही. पुढे या प्रारूपात सहकाऱ्यांच्या आधाराची भर पडली. माझ्या मते खरी मेख तिथेच आहे: अनुभवी डिटेक्टिव्ह गेला की त्याच्या केसेस नवख्याकडे येतात आणि शिकवणाराही जातो.

गळती मोजतानाही फसगत होते. आज किती टक्के टिकलेत, या आकड्यात गेल्या महिन्यात आलेला आणि दीड वर्ष काढलेला एकाच मापाने मोजला जातो. वैद्यकीय संशोधनात रुग्णांसाठी वापरतात ती कॅप्लान-मायर पद्धत (१९५८) प्रत्येकाचा काळ लक्षात घेते आणि नेमक्या कोणत्या महिन्यात माणसं जातात ते दाखवते. गणवेशात परत गेलेला पगारपत्रकावर कायम असतो. तपास शाखेच्या हिशेबात मात्र त्याची नोंद गळती म्हणूनच, तारखेसकट व्हायला हवी.