पार्श्वभूमी : आकडा तोच, मोजपट्टी वेगळी

‘रिश्टर स्केलवर ६.८ तीव्रतेचा भूकंप’ हे वाक्य बातम्यांमध्ये इतके रुळले आहे की त्यात दोन घोळ आहेत हे चटकन लक्षात येत नाही. मोठे भूकंप त्या स्केलवर मोजणे कधीच मागे पडले. आणि सांगितला जाणारा आकडा तीव्रतेचा नसतोच.

तीव्रता म्हणजे एखाद्या ठिकाणी काय जाणवले आणि काय पडले, याची प्रतवारी. यंत्रे नव्हती तेव्हा एवढेच हाती होते: टांगलेले दिवे हलले का, भिंतींना तडे गेले का, धुराडी कोसळली का. एकोणिसाव्या शतकात अशा तक्त्यांना आकार आला. पुढे बारा पायऱ्यांचा तक्ता रूढ झाला, त्याचे अंक अजूनही रोमन लिपीत लिहितात. एकाच भूकंपाची तीव्रता एका गावात आठ आणि दुसऱ्या गावात चार असू शकते. मॅग्निट्यूड, म्हणजे भूकंपाचा एकूण आकार, मात्र भूकंपागणिक एकच. त्यासाठी महत्ता, परिमाण असे शब्द आहेत, पण बातमीत ते टिकले नाहीत. ‘तीव्रता’ने त्यांची जागा बळकावली.

इ.स. १३२ मध्ये चीनमध्ये बनलेल्या, भूकंप टिपणाऱ्या भांड्याचा उल्लेख अशा लेखांत हमखास येतो. त्यातून धक्क्याची दिशा कळत असे, आकार नाही. खरी अडचण वेगळीच होती. जमीन हलते तेव्हा मोजणारा, त्याचे टेबल आणि यंत्र सगळेच हलते. मग कशाच्या तुलनेत मोजायचे? जड लंबक स्वतःच्या जडत्वाने मागे रेंगाळतो. त्याला सुई जोडली की काजळी धरलेल्या कागदावर जमिनीची हालचाल उमटते. १८८० च्या दशकात जपानमध्ये यावर बरेच काम झाले. १८८९ मध्ये जर्मनीतल्या पॉट्सडॅम येथे, जमिनीचा सूक्ष्म कल मोजण्यासाठी ठेवलेल्या लंबकाने जपानमधला भूकंप टिपला. दूरच्या भूकंपाची ही पहिली ओळखलेली नोंद.

१८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींमधून प्राथमिक (सर्वांत आधी पोहोचणाऱ्या), दुय्यम (त्यांच्यामागून येणाऱ्या) आणि भूपृष्ठ (जमिनीच्या पृष्ठभागालगत जाणाऱ्या) लहरी वेगळ्या काढता आल्या. त्यानंतर अंतर काढायला एक पट्टी पुरू लागली. पहिल्या दोन लहरींच्या आगमनातले सेकंद मोजायचे आणि साधारण आठने गुणायचे, की जवळच्या भूकंपाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. साडेबारा सेकंद म्हणजे शंभर किलोमीटर. तीन नोंदणी केंद्रांवरून तशी वर्तुळे काढली की ती अपिकेंद्रापाशी, म्हणजे भूकंपाच्या उगमाच्या बरोबर वर जमिनीवर असलेल्या जागी, छेदतात.

आकाराचा प्रश्न सुटला तो १९३५ मध्ये, दक्षिण कॅलिफोर्नियात, चार्ल्स रिश्टर यांच्या स्केलने. तिथल्या एका विशिष्ट यंत्रापासून भूकंप १०० किलोमीटरवर असताना कागदावरची रेघ एक मिलिमीटर सरकली, तर मॅग्निट्यूड ३. दहा मिलिमीटर सरकली, तर ४. मॅग्निट्यूड हा शब्द खगोलशास्त्रातून, ताऱ्यांच्या प्रतीवरून उचललेला. शून्य मुद्दाम इतके खाली धरले की ऋण आकडे येऊ नयेत. पुढची यंत्रे इतकी नाजूक निघाली की आता तेही येतात. एका प्रदेशासाठी, एका यंत्रासाठी केलेली ही सोय होती. जगाची मोजपट्टी होण्याचा तिचा दावाच नव्हता, आणि तिच्या नावावरचा दोष तिच्या कर्त्याचा नाही.

तिची आणि तिच्यावरून पुढे बेतलेल्या मापांची मर्यादा सात-आठच्या पुढे उघडी पडली. जुनी मापे ठरावीक आवर्तनकाळाच्याच (एका हेलकाव्याला लागणाऱ्या वेळाच्याच) लहरी बघत. भूपृष्ठ लहरींच्या मापात तो सुमारे २० सेकंद. खडक कित्येक मिनिटे फाटत राहतो, तेव्हा त्याचा आवाका त्या लहरीत मावत नाही आणि आकडा अडून बसतो. चिलीचा १९६० चा भूकंप जुन्या मापावर साडेआठच्या आसपासच राहिला. आज तो ९.५ मानतात. एका अंकाला ऊर्जा सुमारे ३२ पट वाढते, तेव्हा हा फरक किरकोळ नाही.

१९७० च्या दशकात उपाय निघाला: खडकाची ताठरता, फाटलेल्या भागाचे क्षेत्रफळ आणि सरासरी सरकण, या तिघांचा गुणाकार. त्याला लागणाऱ्या नोंदी शीतयुद्धाने पुरवल्या होत्या. अणुचाचण्या ओळखण्यासाठी जगभर एकसारख्या यंत्रांची शंभरावर केंद्रे उभी राहिली होती. १९७९ मध्ये या गुणाकारातून नवे मॅग्निट्यूड मांडताना सूत्र असे बेतले की मधल्या टप्प्यात आकडे जुन्या मापाशी जुळावेत. माझ्या मते वादग्रस्त निर्णय हाच. जुन्या याद्या वाया गेल्या नाहीत, हे खरे. पण मोजपट्टी बदलली हे वाचकाला जाणवलेच नाही, आणि रिश्टरचे नाव नव्या मापावर चिकटून राहिले. आकडे मुद्दाम वेगळे ठेवले असते तर गोंधळ झाला असता, पण दहा-वीस वर्षांत निवळला असता.

अडून बसणाऱ्या आकड्याची किंमत २०११ मध्ये जपानने मोजली. तिथला पहिला झटपट अंदाज ७.९ होता, अखेरचा आकडा ९ च्या घरात गेला. तोवर पहिल्या त्सुनामी इशाऱ्यात लाटांची उंची प्रत्यक्षापेक्षा बरीच कमी सांगून झाली होती. २०१३ पासून तिथे पद्धत बदलली. आठच्या वरच्या भूकंपाचा नेमका आकार लगेच कळत नसेल, तर पहिल्या त्सुनामी इशाऱ्यात उंचीचे मीटर देतच नाहीत. फक्त ‘प्रचंड’ अशा अर्थाचा शब्द जातो.