चातुर्मासात घोड्याला खोडी का लागतात?

आषाढी एकादशी झाली की नाशिकमधली वरातीची घोडी ठाणबंद होतात. तुळशीचं लग्न लागेपर्यंत कामं तुरळक, बाहेर पाऊस, त्यामुळे जवळपास अख्खा दिवस दावणीला. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, मात्र लग्नसराईचीच चालू राहते. गव्हाणीची कड कुरतडलेली दिसू लागते ती अशाच दिवसांत.

ही खोड नीट पाहा. घोडा पुढचे दात गव्हाणीवर टेकवतो, मानेखालचे स्नायू ताणतो आणि घशातून हुंकारासारखा आवाज काढत हवा ओढतो. याला वारा पिणं म्हणतात खरं. पण क्ष-किरणांखाली पाहिलं तर बहुतेक हवा अन्ननलिकेच्या वरच्या भागातूनच परत फिरते, पोटात फारशी जात नाही.

मोकळा घोडा दिवसाचे १६ ते १८ तास चरतो. त्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस पाझरत असतं आणि ते सौम्य करणारी लाळ सुटते ती चावतानाच. एक किलो वाळलं गवत चावायला त्याला साधारण ४० मिनिटं लागतात, तेवढंच धान्य १० मिनिटांत संपतं. म्हणजे दोन वेळा भरलेला तोबरा आणि वर मूठभर कडबा एवढ्यावर ठेवलेला घोडा बराच वेळ रिकाम्या, आंबट पोटाने उभा असतो. जठराच्या वरच्या भागातलं अस्तर आम्लाला टिकत नाही, तिथे व्रण होतात. दूध तुटल्यावर धान्यावर वाढवलेल्या शिंगरांत ही खोड अधिक आढळते, ती उगाच नाही.

उपाय म्हणून गळ्याला पट्टा आवळतात. पट्टा असेपर्यंत खोड थांबते, काढला की आधीपेक्षा जोरात सुरू होते. मूळ कारण तसंच राहतं आणि घोडा ताणाखाली येतो. ‘एकाचं पाहून दुसरा शिकतो’ म्हणून खोडीचा घोडा एकटा बांधणं तर उलटंच. एका पागेत अनेकांना खोड लागते, कारण सगळ्यांचा चारा आणि दिनक्रम एकच असतो.

बदल चाऱ्यात करायचा. ३५० किलोच्या घोड्याला रोज किमान ६ किलो वाळला चारा लागतो, ८ दिला तर उत्तम. इगतपुरी-त्र्यंबककडचं डोंगरी गवत चांगलं, मात्र पावसाळ्यात बुरशीचा वास आला तर ते टाकून द्या. सगळं एकदम पुढ्यात न टाकता ३-४ सेंटिमीटर भोकांच्या जाळीत भरा. तेवढंच गवत जास्त वेळ पुरतं. जाळी अशी बांधा की रिकामी होऊन लोंबली तरी खूर अडकणार नाही. रात्रीचा वाटा सगळ्यात मोठा हवा. काम बंद झालं त्या दिवसापासून चंदी निम्मी करा, आणि बार्लीसारखं पिष्टमय धान्य एका वेळी पाऊण किलोच्या आत ठेवा. सोबत थोडा लसूणघास दिला तर त्यातला कॅल्शियम आम्लाला आवर घालतो. नवा चारा सुरू करताना १०-१४ दिवस घ्या. वरातीआधी अर्धा तास थोडं गवत चारावं, नाहीतर चालताना आम्ल वर उसळतं.

एका जागी उभं राहून डावी-उजवीकडे डुलणारा घोडा वेगळा. तो डुलतो मुख्यतः चंदीची चाहूल लागली की, किंवा सोबती बाहेर निघाला की. त्याला शेजारचा घोडा दिसेल अशी जाळीची भिंत द्या. भिंतीवर न फुटणारा आरसा लावला तरी डुलणं बरंच कमी होतं. रोज काही वेळ मोकळं सोडणं दोन्ही खोडींना उपयोगी.

वर्षानुवर्षं मुरलेली खोड चारा सुधारूनही पूर्ण जात नाही, तिचं प्रमाण कमी होतं. घोडा चंदी अर्धवट टाकत असेल, खोगिराचा पट्टा पोटावर आवळताना दात दाखवत असेल, तर पशुवैद्याकडून दुर्बिणीने जठर तपासून घ्या. लंगड्या पायासाठी परस्पर दिलेलं फेनिलब्युटाझोन हे वेदनाशामक व्रण वाढवतं. आणि वारा पिणाऱ्या घोड्याला पोटशूळ झाला तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नका. अशा घोड्यांत लहान आतड्याचा वेढा यकृताजवळच्या फटीत अडकण्याचा धोका जास्त असतो, आणि तो शस्त्रक्रियेवाचून सुटत नाही.