पोळ्याचा बैल आखाजीला घडवा

कागदाचा बैल करायची हुक्की मुलांना येते ती नेमकी पोळ्याच्या आठवड्यात. श्रावण सरत आलेला, आभाळ गळतंय, भिंतींना ओल, आणि ओसरीत वर्तमानपत्राच्या पट्ट्या चिकटवलेलं एक धूड चार दिवस झाले तरी गिळगिळीत. पाचव्या दिवशी पोटाखाली हिरवी बुरशी. असे दोन बैल मी स्वतः उकिरड्यावर टाकले आहेत. तिसरा जमला, कारण तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, केला होता.

आखाजीला बहीण माहेरी आली, सोबत नऊ वर्षांची भाची. बाहेर 44 अंश. झोका संध्याकाळी, मग दुपारभर या पोरीचं करायचं काय? घरात रद्दी होती, सुतळी होती, आणि मोठीमायचा कुरडयांचा घाट चालू होता. त्या बैलाला एवढं सामान पुरलं.

आमचं घर खान्देशातल्या एरंडोलचं. जुन्या गॅझेटियरमध्ये या गावाची ओळख जाड्याभरड्या देशी कागदासाठी सांगितली आहे. आता तो धंदा राहिला नाही, पण कागदाच्या लगद्याच्या टोपल्या आमच्या आज्यांच्या पिढीने घरोघर केल्या. रद्दी भिजत घालायची, कुटायची, मेथीची पूड मिसळायची आणि उपड्या घमेल्यावर थापायची. ‘पेपर माशे’ हा शब्द त्या बायकांनी कधी ऐकला नव्हता. मूळ फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ चावलेला कागद. काश्मिरात हीच कला पंधराव्या शतकापासून नांदते आहे आणि तिथल्या नक्षीकामाला जगभर मान आहे. आपल्याकडे तीच टोपली लसूण ठेवायला वापरली गेली, एवढाच फरक.

आता बैलाकडे. कागद म्हणजे सेल्युलोजच्या तंतूंचं एकमेकांत गुंतलेलं जाळं. कापसाचा धागा, बांबू, लाकूड, सगळीकडे हाच पदार्थ. वर्तमानपत्राचा कागद मुख्यतः लाकडाच्या किंवा जुन्या रद्दीच्या लगद्याचा. आपल्या शेजारीच, भुसावळहून खांडव्याकडे जाताना, नेपानगर लागतं. तिथल्या वृत्तपत्री कागदाच्या गिरणीचं लोकार्पण पंडित नेहरूंनी 1956 मध्ये केलं होतं. सातपुड्यातला बांबू आणि सलईचं लाकूड तिथे कागद होऊन बाहेर पडायचं. ओला झाला की कागद लेचापेचा का होतो? तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारे हायड्रोजन बंध असंख्य असतात, पण एकेकटे दुबळे. पाणी मध्ये शिरलं की तंतू एकमेकांना सोडून पाण्याच्या रेणूंशी बंध जोडतात. पाणी निघून जाऊ लागलं की उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण तंतूंना जवळ ओढतो, आणि ते पुन्हा एकमेकांना धरतात. म्हणजे बैल घडतो तो चिकटवताना कमी, वाळताना जास्त. खळ त्याला मदत करते, पण खरं काम पाणी बाहेर पडताना होतं.

म्हणून हा वैशाखाचा उद्योग. कुरडया, पापड, शेवया आपण याच दिवसांत घालतो, त्याचं कारणही हेच.

खळीची गोष्ट तर कुरडईच्या पातेल्यातच दिसते. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक चुलीवर चढवला की आधी तो दुधासारखा पांढरा असतो. ढवळत राहा. साधारण 60 अंशांच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, त्यांची आतली रचना मोडते, लांब साखळ्यांचे रेणू बाहेर सांडतात आणि पातेल्यातला पांढरेपणा जाऊन काचेसारखी झळाळी येते. हात जड होतो, पळी उभी राहते. भाचीने वाटीभर चीक साखर घालून खाल्ला, उरलेल्यातला थोडा मी पाण्याने सैल करून खळीला घेतला. जुनी पुस्तकं आणि हस्तलिखितं दुरुस्त करणारे जाणकारही गव्हाच्या स्टार्चचीच खळ वापरतात, तेव्हा आमच्या बैलाची सोय काही कमी दर्जाची नव्हती.

चीक नसेल तर मैदा घ्या. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग उकळत्या पाण्यात धार धरून ओतायचा. एकूण पाणी पाच-सहा वाट्या. कोरडा मैदा थेट गरम पाण्यात टाकलात तर गोळ्याचं बाहेरचं आवरण आधी फुगून चिकट होतं, आतला मैदा कोरडाच राहतो, आणि त्या गुठळ्या नंतर काही केल्या मोडत नाहीत. खळ थंड झाली की आणखी घट्ट होते, म्हणून थोडी पातळच उतरवा. बुक बायंडिंगवाले खळीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, घालतात, त्याने बुरशी धरत नाही. पण मोरचूद विषारी असतं, मुलांच्या हातात ती खळ द्यायची नाही. काही जण मीठ सुचवतात. मीठ बुरशीला आवरतं खरं, पण हवेतली ओलही ओढतं, आणि आपला बैल पावसाळाभर कपाटावर बसणार आहे. मला मीठ पटत नाही.

अंगासाठी फुगा फुगवायचा, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. खान्देशच्या उन्हाळ्यात तो नाद करू नका. 27 अंशांना फुगवलेला फुगा 45 अंशांत नेला तर आतली हवा सुमारे 6 टक्के जास्त जागा मागते. ओल्या पट्ट्या त्याच्याबरोबर ताणल्या जातात. रात्री हवा गार झाली की फुगा आक्रसतो, पट्ट्या मात्र तोवर वाळून कडक झालेल्या असतात, आणि दोघांची फारकत होते. तेही फुगा तोवर टिकला तर. आमचा पहिला फुगा गच्चीवर पत्र्याला टेकून दुपारी दोनला फुटला. मग चुरगळलेल्या रद्दीचा लांबट गोळा केला, त्यावर सुतळी करकचून गुंडाळली आणि तेच पोट मानलं. पायांना कागदाच्या घट्ट सुरळ्या. सपाट कागद उभा राहत नाही, त्याचीच नळी केली की वजन पेलते, हे भाचीने वहीचं पान उभं करून, मग गुंडाळून त्यावर रबर ठेवून स्वतः पाहिलं.

पट्ट्या कात्रीने कापायच्या नाहीत, फाडायच्या. फाटलेल्या कडेला तंतूंची लव सुटते आणि ती शेजारच्या पट्टीत मिसळून जाते. कापलेली कड मात्र रंग दिल्यावरही पायरीसारखी दिसते. फाडताना आणखी एक गंमत कळते. वर्तमानपत्राचं पान वरून खाली फाडा, सरळ चिरत जातं. आडवं फाडा, वेडंवाकडं जातं. कागद यंत्रावर धावताना बहुतेक तंतू त्या धावेच्या दिशेने झोपलेले असतात. तंतू भिजला की लांबीत फारसा वाढत नाही, जाडीत मात्र चांगला फुगतो, म्हणून ओला कागद एका दिशेला जास्त पसरतो आणि वाळताना त्याच दिशेला जास्त आक्रसतो. सगळ्या पट्ट्या एकाच दिशेने लावल्या तर बैल पिळवटतो. एक थर उभा, एक आडवा लावला की ओढाताण एकमेकांना तोलते. प्लायवूडमध्येही लाकडाचे पापुद्रे असेच आडवे-उभे असतात. पुरवण्यांचा गुळगुळीत, चकचकीत कागद घेऊ नका, त्यात पाणी नीट मुरत नाही.

एका वेळी दोन, फार तर तीन थर. मग थांबायचं. मुलांना हे थांबणं फार जड जातं, मोठ्यांनाही. बाहेरचा थर कडक झाला की आतलं पाणी अडकतं, आणि अंधारी, ओली, स्टार्चने भरलेली जागा बुरशीला आणखी काय हवी?

वाळवण्याच्या बाबतीत माझा चांगलाच फजितवाडा झाला. लवकर वाळावा म्हणून मी बैल रात्री कूलरसमोर ठेवला. सकाळी जसाच्या तसा. कूलर वाळ्याच्या ताट्यांतून हवा घेतो, तीत बाष्प भरतो आणि मग आपल्या अंगावर सोडतो, त्या हवेला बैलाचं पाणी घ्यायला जागाच कुठे उरलेली? साधा पंखा चालतो. भर उन्हातही ठेवू नका, वरचा थर घाईने आक्रसून कडा उचलल्या जातात. लिंबाखाली बाजेवर, दुपारच्या झळांमध्ये, दर दोन तासांनी कूस बदलून, हे उत्तम.

वाळला की नाही हे डोळ्यांना कळत नाही. मोठीमायने पालथा हात बैलाच्या पोटाला लावला आणि म्हणाली, “आजून वल्लं शे, हात नको लावू.” वरून तो अगदी खडखडीत दिसत होता. भाचीनेही हात लावून पाहिला. पाठ कोमट, पोट गार. ओलाव्यातलं एक ग्रॅम पाणी उडून जाताना साधारण 580 कॅलरी उष्णता शोषून घेतं, माठ गार राहतो तो याच हिशेबाने. ज्या जागी हाताला गारवा लागतो तिथे आत अजून पाणी आहे. शंका असेल तर स्वयंपाकघरातल्या काट्यावर सकाळ-संध्याकाळ तोला. वजन उतरायचं थांबलं की वाळला.

वशिंड, नाकपुड्या, डोळ्यांच्या पापण्या यांना पट्ट्या कामाच्या नाहीत, तिथे लगदा हवा. रद्दीचे बारीक तुकडे दोन दिवस भिजवून, मिक्सरमधून काढून, फडक्यात पिळून घ्या आणि त्यात मेथीची पूड. मेथीत गॅलॅक्टोमॅनन नावाचा डिंकासारखा पदार्थ असतो, भिजवलेली मेथी बुळबुळीत लागते ती त्याच्यामुळे. हे रेणू सेल्युलोजला चांगले बिलगतात. कागदाच्या गिरण्यांमध्ये मजबुतीसाठी ग्वार गम वापरतात, तो गवारीच्या बियांचा, आणि मेथीचा हा चिकटा त्याचाच भाऊबंद. टोपलीत मेथी का, असं विचारल्यावर मोठीमाय म्हणाली होती की कडू असल्याने कसर लागत नाही. कसरीचं मला ठाऊक नाही, पण पकडीचं कारण पक्कं आहे. लगद्यात पाणी फार, तो वाळताना जास्त आक्रसतो, म्हणून वशिंड हवं त्याहून जरा मोठंच थापा.

एवढं करून बैल पहिल्यांदा उभा केला तो थेट तोंडावर पडला. शिंगं भाचीच्या आग्रहाखातर खिल्लारी, लांबलचक, आणि मान पुढे काढलेली, त्यामुळे गुरुत्वमध्य पुढच्या पायांच्याही पुढे गेलेला. वजनाने तरी तो किती होता! वर्तमानपत्राचा कागद चौरस मीटरला साधारण 45 ग्रॅम भरतो. बैलाचं अंग पाव चौरस मीटरहून कमीच, वर आठ थर, म्हणजे वरच्या कागदाचे शंभर ग्रॅमही नाहीत. एवढ्या हलक्या जनावराला लांब शिंगं म्हणजे चैनच. मागच्या मांड्यांना चीर देऊन दोन खडे आत बसवले, वरून पट्ट्या लावल्या, तेव्हा कुठे चारी पायांवर आला.

नंतर खडूची पूड आणि फेव्हिकॉलचा पांढरा हात दिला. शिंगांचा हिंगुळी रंग, बेगड, झूल, गोंडे हे सगळं पोळ्याच्या आदल्या दिवशी. बहीण आणि भाची धुळ्याला परत गेल्या, बैल कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळून बसला आहे. शेपूट तेवढी राहिली. तिला केळीच्या खोडाचे धागे लावायचे ठरलंय. रावेरकडचा एक मित्र आणून देतो म्हणाला आहे, आणि भाची दर रविवारी फोनवर पहिलं तेच विचारते.