काथ्या: कोणता, कशासाठी आणि कसा वापरावा

काथ्याबद्दलच्या तक्रारी ठरावीक असतात. पायपुसण्याचे केस गळतात, कोकोपीटमधली, म्हणजे नारळाच्या भुशातली रोपे पिवळी पडतात, मॉस पोलवरची (वेलाला आधार देणाऱ्या काठीवरची) दोरी महिन्याभरात सैल होते. कारण बहुतेक वेळा एकच निघते: एका कामाचा काथ्या दुसऱ्या कामाला लावलेला असतो, किंवा काम योग्य असले तरी आधीची धुलाई राहून गेलेली असते. म्हणून माल वापरायला काढण्याआधी हे पत्रक एकदा वाचा.

सोडणात काय असते

नारळाची बाहेरची गुळगुळीत साल आणि आतली करवंटी यांच्यामधला जाड थर म्हणजे सोडण. त्यात धागा असतो आणि धाग्यांच्या अधेमधे घट्ट बसलेला, बुचासारखा हलका भुसा असतो. सुक्या सोडणाच्या वजनात धागा साधारण एक तृतीयांश, बाकी भुसा. हजार सोडणांतून ढोबळमानाने ऐंशी ते शंभर किलो काथ्या मिळतो. धाग्याची दोरी, चटई, ब्रश, गादी होते. भुशाचे कोकोपीट होते. फळ एक, पण या दोन वस्तूंचे स्वभाव वेगळे आहेत.

धागा १० ते ३० सेंमी लांब असतो आणि त्यात लिग्निन चाळीस टक्क्यांच्या पुढे असते. लाकडाला कडकपणा देणारा घटक तो हाच. जिवाणू आणि बुरशी लिग्निन सहजी फोडू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीत ताग लवकर कुजतो आणि काथ्या टिकून राहतो. काथ्या ताणही बराच घेतो, झटका बसला तर आधी लांबतो आणि मग तुटतो. पण लांबतो म्हणजे मजबूत आहे असे समजू नका. तेवढ्याच जाडीच्या नायलॉनपुढे तो खूपच कमजोर आहे. झोपाळा टांगायला, वजन उचलायला किंवा माणसाचा भार पेलायला काथ्याची दोरी वापरू नका.

पांढरा काथ्या हिरव्या, पूर्ण न पिकलेल्या नारळाचा. केरळच्या बॅकवॉटरमध्ये अशी सोडणे सहा ते दहा महिने पाण्यात बुडवून ठेवतात. जिवाणू धाग्यांना जोडणारे पेक्टिन खातात आणि मग सोडण बडवून धागा सोडवतात. हा धागा मऊ, उजळ आणि वळायला सोपा. तपकिरी काथ्या पक्क्या नारळाचा, थोडे भिजवून यंत्रावर काढलेला. हा जाड आणि राठ. त्यातला लांब, ताठ धागा ब्रशला जातो. आखूड, कुरळा धागा गादीला, त्यावर रबराचा चीक फवारून त्याचे पत्रे बनवतात. दोरी वळायची असेल तर पांढरा मागा. पाय पुसायला, उतारावर अंथरायला तपकिरीच बरा.

कोकोपीट: धुतल्याशिवाय वापरू नका

भुसा स्वतःच्या वजनाच्या सुमारे आठपट पाणी धरतो आणि तरीही मुळांपुरती हवा आत ठेवतो. सामूही साधारण ५.५ ते ६.८, म्हणजे बहुतेक रोपांना मानवणारा. इतके चांगले गुण असताना रोपे का मरतात? बहुतेकदा मिठामुळे. सोडण मचूळ पाण्यात भिजलेले असते आणि नारळाच्या झाडातही सोडियम, पोटॅशियम भरपूर असते. हे क्षार भुशात उतरतात आणि भुसा दाबून विकायची वीट केली की तिच्यासोबत तुमच्या दारात येतात.

५ किलोच्या विटेला २० ते २५ लिटर पाणी लागते आणि फुलून ६५ ते ७० लिटर सुटा भुसा तयार होतो. ६५० ग्रॅमची छोटी वीट तीन-चार लिटर पाणी पिऊन आठ-नऊ लिटरची होते. पाणी एकदम ओतू नका. तीन हप्त्यांत घाला, प्रत्येक वेळी पंधरा मिनिटे थांबा. कोरडी वीट फावड्याने फोडली तर धागे तुटून बारीक धूळ होते, आणि ती धूळच पुढे कुंडीच्या तळाशी चिखलासारखी बसते.

फुललेला भुसा जाळीच्या पोत्यात भरा, वरून पाणी सोडा आणि खालून निथळणारे पाणी ईसी मीटरने, म्हणजे पाण्यातले क्षार दाखवणाऱ्या यंत्राने मोजा. बियाणे रुजवायचे असेल तर आकडा ०.५ (mS/cm) च्या खाली यायला हवा. मोठ्या रोपांना १ पर्यंत चालते. त्याच्या वर असेल तर पुन्हा धुवा. मीटर नसेल तर एका ट्रेमध्ये हा भुसा आणि दुसऱ्यात खात्रीची माती घेऊन दोन्हींत मोहरीचे वीस-वीस दाणे पेरा. आठवड्यात भुशातले दाणे मातीपेक्षा बरेच कमी उगवले, किंवा उगवून मुळांची टोके तपकिरी पडली, तर धुलाई कमी झाली आहे.

नुसते धुणे पुरेसे नाही, आणि ही गोष्ट विक्रेते बहुधा सांगत नाहीत. काही सोडियम-पोटॅशियम भुशाच्या कणांना विद्युतभाराने चिकटलेले असते; साध्या पाण्याने ते सुटत नाही. पुढे खत घातले की भुसा त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतः धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो. मग खत देऊनही कोवळ्या पानांच्या कडा करपतात, टोमॅटोच्या फळाचे बूड काळे पडते. उपाय सोपा आहे. ५ किलोच्या विटेसाठी २० ते २५ लिटर पाण्यात १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट विरघळवा आणि धुतलेला भुसा त्यात एक रात्र भिजत ठेवा. सकाळी निथळा आणि साध्या पाण्याने एकदा धुऊन घ्या. हे द्रावण तयार करताना त्यात फॉस्फेटचे किंवा सल्फेटचे खत मिसळू नका. खडूसारखा साका खाली बसतो आणि दोन्ही खते वाया जातात.

भुसा वापरायला तयार झाला का हे हातालाच कळते. मूठभर घेऊन घट्ट दाबा. बोटांच्या फटीतून दोन-चार थेंब आले आणि मूठ उघडल्यावर गोळा हलक्या धक्क्याने मोडला, तर ओल बरोबर आहे. धार लागली तर निथळू द्या. गोळा झालाच नाही तर पाणी कमी आहे.

प्रो-ट्रेमध्ये, म्हणजे रोपे करायच्या खळग्यांच्या ट्रेमध्ये भरताना भुसा बोटाने दाबू नका. ९८ खळग्यांच्या ट्रेला साधारण सव्वा किलो ओला भुसा लागतो. याहून बराच जास्त मावला तर तो ठासला गेला आहे. ठासलेल्या खळग्यात हवा राहत नाही आणि रोपे बुडाशी बारीक होऊन कोलमडतात. भुशात अन्न जवळपास नसतेच. पहिली खरी पाने दिसली की विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम या प्रमाणात सुरू करा. कुंडीत एकट्या कोकोपीटपेक्षा मिश्रण बरे: चार भाग कोकोपीट, तीन भाग माती, तीन भाग चांगले कुजलेले कंपोस्ट. माती चिकट असेल तर तिचा एक भाग कमी करून कोकोपीट वाढवा.

पाणी देण्याची चूक सर्वांत जास्त इथेच होते. कोकोपीटचा वरचा थर काही तासांत फिकट आणि कोरडा दिसतो, खालचा मात्र ओला असतो. रंग पाहून पाणी दिले की मूळकूज ठरलेली. बोट दोन पेरांपर्यंत खुपसून पाहा. तिथे ओल लागली तर पाणी नको. वर हिरवट शेवाळ किंवा उडणाऱ्या बारीक माशा दिसू लागल्या तर तेही जास्त पाण्याचेच लक्षण.

कच्चा भुसा शेतात टाकू नका

यंत्राशेजारी साठलेला भुसा फुकट किंवा स्वस्त मिळतो म्हणून थेट सरीत ओतला जातो आणि पीक पिवळे पडते. त्यात कार्बन नायट्रोजनच्या शंभरपटीहून जास्त असतो. तो कुजवणारे जिवाणू नायट्रोजन मातीतूनच ओढतात, आणि तेवढा काळ पीक उपाशी राहते.

त्याचे कंपोस्ट करा. एक टन भुशाला पाच किलो युरिया आणि दीड किलो धिंगरी अळिंबीचे बियाणे लागते. सावलीत पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद जागा घ्या. शंभर किलो भुसा पसरा, ओला करा, त्यावर पाचव्या हिश्श्याचे बियाणे. वर पुन्हा शंभर किलो भुसा, त्यावर एक किलो युरिया. असे आलटून पालटून दहा थर, ढीग साधारण एक मीटर उंच. थर मोजताना गल्लत होते, म्हणून युरियाच्या पाच पुड्या आधीच बांधून ठेवा. पाणी वर सांगितलेल्या मुठीच्या कसोटीइतकेच. साधारण दोन महिन्यांत भुसा काळा पडतो, ढीग बसतो आणि मातीचा वास येतो. अमोनियाचा झणझणीत वास येत असेल तर युरिया जास्त झाला आहे किंवा ढिगात हवा जात नाही, ढीग पलटा. शंभर किलोपेक्षा छोटा ढीग लवकर सुकतो, त्याला ओले बारदान झाका.

अख्खी सोडणेही उपयोगी पडतात. नारळाच्या आळ्यात आच्छादन म्हणून अंथरताना फुगीर बाजू वर ठेवा, म्हणजे बाष्पीभवन कमी होते. बुंध्यापासून तीन मीटरवर चर खणून पुरताना मात्र उलट, वाटीसारखी बाजू वर, म्हणजे पाणी साठून राहते. पुरलेल्या सोडणांचा परिणाम पाच ते सात वर्षे टिकतो.

उतारावरची जाळी

काथ्याचे विणलेले भूवस्त्र चौरस मीटरला ४००, ७०० किंवा ९०० ग्रॅम वजनात मिळते. साध्या बांधाला ४०० पुरे. पाणी जोरात वाहते तिथे ७०० किंवा ९००. आधी दगड आणि ढेकळे काढून उतार सारखा करा, मग बी पेरा. माथ्यावर ३० सेंमी खोल चर खणून जाळीचे टोक त्यात गाडा, मग गुंडाळी खाली सोडा. शेजारच्या पट्ट्या १० ते १५ सेंमी एकमेकांवर याव्यात, वरची पट्टी खालच्या पट्टीच्या वर. खुंट्या ठोका, पण जाळी ताणू नका. ताणलेली जाळी खड्ड्यांवर अधांतरी राहते, पाणी तिच्याखालून वाहते आणि माती जातेच. जमिनीला सगळीकडे टेकलेली जाळी दोन ते पाच वर्षांत कुजते. तोवर गवताच्या मुळांनी माती धरलेली असते.

दोरी आणि पायपुसणे

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असे म्हणतात. न जळलेल्या सुंभाचा पीळ मात्र कापल्या टोकातून झरझर जातो. म्हणून कापण्याआधी दोन्ही बाजूंना सुतळीने आवळून मगच कात्री लावा. मॉस पोलवर दोरी गुंडाळताना ती अर्धा तास भिजवून, ओली असतानाच ओढून गुंडाळा आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याला चिकटवा. टोक पाइपला भोक पाडून त्यातून आत घ्या. चिकटपट्टी ओलाव्याने सुटते. वेल बांधताना दोरीचा आठचा आकडा करा, एक फासा काठीला, दुसरा सैलसर फासा वेलाला. राठ धाग्यावर वेलाची मुळे पकड घेतात, आणि पुढे दोरी वेलासकट कंपोस्टमध्ये टाकता येते.

घरी पायपुसणे करायचे असेल तर वेणीचे करा. ६० बाय ४० सेंमीच्या लंबगोल पायपुसण्याला ६ मिमी जाडीची सुमारे ५५ मीटर दोरी लागते. दोरीच्या तीन पदरांची वेणी सुमारे दीड सेंमी रुंद होते, आणि अशी १४ मीटर वेणी पुरते. दोरी वीस मिनिटे भिजवा. कोरडी दोरी वेणी घालताना टोचते आणि धागे तुटतात. वेणीचे पहिले २० सेंमी सरळ ठेवा, मग वळवून त्याच्याभोवती फिरवत न्या. शिवायला दाभण आणि मेणाचा नायलॉन दोरा घ्या. टाका वेणीच्या आरपार दिसेल असा न घेता शेजारच्या दोन वेण्यांच्या पोटातून घ्या, म्हणजे पायाखाली दोरा घासून तुटत नाही. कळीची जागा वळण आहे. वळणावर वेणी ओढून शिवली तर पायपुसणे वाटीसारखे उचलते. सैल सोडली तर कडेला लाटा येतात. म्हणून ते कधीही मांडीवर शिवू नका, सपाट फरशीवर ठेवून शिवा आणि दर दोन फेऱ्यांनी हाताने दाबून पाहा. वाटी दिसली की तेवढ्याच फेऱ्या उसवा. पुढे गेल्यावर ती सुधारत नाही. शेवटी ओले असतानाच फळीखाली दाबून वाळवा.

नव्या काथ्यातून पहिल्या एक-दोन पाण्यांत तपकिरी टॅनिन उतरते आणि संगमरवरावर डाग पडतो. पांढऱ्या फरशीवर टाकायचे असेल तर आधी बादलीत भिजवा आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत बदला.

विकत घेतलेल्या, मागे पीव्हीसी लावलेल्या पायपुसण्याचे केस पहिले काही आठवडे गळतात. ते आखूड, नीट न चिकटलेले धागे असतात. उलटे करून झटकले की कमी होतात. पीव्हीसीतून पाणी निचरत नाही, म्हणून हे पायपुसणे पाऊस न लागणाऱ्या दारातच ठेवा. उघड्या अंगणाला विणलेले घ्या.

माल न वापरता ठेवायचा असेल तर जमिनीवर न ठेवता फळीवर, हवेशीर जागी ठेवा. दोरीचे बंडल ओले असताना प्लास्टिकमध्ये बांधू नका, वास धरते. विटा कोरड्या राहिल्या तर वर्षानुवर्षे खराब होत नाहीत, फक्त फुलायला थोडा जास्त वेळ घेतात.