एकदाच पाजणं आणि रोज पाजणं: उंदरांवरच्या दोन चाचण्या

‘उंदरांवर टेस्ट झालंय ना, मग रोज घ्यायला काय हरकत?’ बडोद्यातल्या मराठी लग्नात पंगतीला फार्मसीवाला शेजारी बसला की हा प्रश्न येतोच. गाव तसं औषधवाल्यांचंच. अलेंबिक ही इथली औषध कंपनी १९०७ सालची. वनस्पतींच्या अर्काच्या बाटलीवर छापलेलं असतं: ‘२००० मिलिग्रॅमपर्यंत सुरक्षित’. हा आकडा बहुतेक वेळा अक्यूट, म्हणजे एकाच मात्रेच्या चाचणीतून येतो. रोज घेण्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

अक्यूट चाचणी आटोपशीर असते. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या ४२३ क्रमांकाच्या पद्धतीत एका टप्प्याला तीनच प्राणी लागतात, सहसा माद्या. रात्रभर उपाशी ठेवायचं (पाणी चालतं), सकाळी वजन करून अर्क बोथट टोकाच्या सुईने थेट पोटात सोडायचा. वनस्पती निरुपद्रवी असावी असं वाटत असेल तर सुरुवातच किलोमागे २००० मिलिग्रॅमने करतात. पहिले चार तास डोळ्यांत तेल घालून बघायचं: केस उभे राहिलेत का, लाळ गळतेय का, चाल अडखळतेय का. मग चौदा दिवस नजर ठेवायची. मुख्य प्रश्न एकच, प्राणी जगला की मेला.

रोजच्या मात्रेची चाचणी (रिपीटेड डोस) हे निराळंच प्रकरण. ओईसीडीच्याच ४०७ क्रमांकाच्या पद्धतीत २८ दिवस आणि ४०८ मध्ये ९० दिवस रोज पाजायचं. २८ दिवसांच्या चाचणीत प्रत्येक गटात किमान पाच नर, पाच माद्या. तीन मात्रांचे तीन गट आणि अर्काविना नुसतं द्रावण मिळणारा चौथा. इथे उंदीर मरावा अशी अपेक्षाच नसते. तो खातोपितो, वजनही वाढतं, वरून ठणठणीत दिसतो. शेवटी रक्त काढलं की एसजीपीटी (यकृताच्या इजेची खूण) चढलेलं सापडतं, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या बिघाडाची खूण) वर गेलेलं दिसतं. यकृत, मूत्रपिंडं, वृषणं काढून तराजूत टाकायची, मग पातळ काप करून रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे. खरी बातमी त्या काचपट्टीवर असते. कोणत्या मात्रेपर्यंत काहीच बिघडलं नाही, तो आकडा इथून मिळतो. माझ्या मते बाटलीवर छापायच्या लायकीचा तोच. पण या चाचणीला खर्च जास्त, प्राणी जास्त आणि एथिक्स कमिटीपुढे कारणं पटवण्याची मेहनतही जास्त.

आता तो २००० चा आकडा माणसाला लावून बघू. उंदराची (रॅटची) मात्रा माणसासाठी काढताना साधारण ६.२ ने भागतात. किलोमागे ३२० च्या आसपास, म्हणजे साठ किलोच्या माणसाला एकोणीस ग्रॅम. चमचाभर काढा घेणाऱ्याला हे भरपूरच वाटणार. पण एवढा अर्क एकदाच घेऊन कोण थांबतं? बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेणाऱ्या बायकांची मूत्रपिंडं निकामी झाली. १९९३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. घोटाळा वनस्पतीच्या अदलाबदलीचा होता. स्टेफानियाच्या जागी ॲरिस्टोलोकिया आली होती, आणि तिच्यातलं आम्ल मूत्रपिंडाची हळूहळू नासाडी करतं. पहिली गोळी घेऊन त्या बायका घरी चालतच गेल्या असणार.

अशी अदलाबदल यांतली कुठलीच चाचणी पकडत नाही, कारण उंदराला दिलेला अर्क आणि दुकानातल्या बाटलीतला अर्क एकाच वनस्पतीचा आहे असं ती गृहीत धरते. ते तपासायचं काम वनस्पतिशास्त्रज्ञाचं आणि अर्कातले घटक वेगळे करून दाखवणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या पट्टीचं, आणि ते उंदरांच्या आधी व्हायला हवं.