अद्भुतकथांतील स्त्री-पुरुष मैत्री

स्त्री आणि पुरुष यांच्यातील, प्रणयाची वा विवाहाची अपेक्षा नसलेल्या जिवाभावाच्या मैत्रीचे अद्भुतकथांतील चित्रण हा या नोंदीचा विषय आहे. जादू, काल्पनिक जग, बोलणारे प्राणी किंवा मानवेतर जमाती ज्यात गृहीत धरलेल्या असतात आणि ज्याला मराठी वाचक आता सर्रास ‘फँटसी’ म्हणतो, तो साहित्यप्रकार येथे अभिप्रेत आहे. अशा मैत्रीला मराठीत ‘निखळ मैत्री’ म्हणण्याची पद्धत आहे. हा शब्द सोयीचा असला, तरी अगदी निरागस नाही : निखळ म्हणजे भेसळ नसलेले, आणि भेसळ नाही हे आवर्जून सांगावे लागते ते दुधासारख्या, जिच्यात ती हटकून होते अशा वस्तूबाबतच. अद्भुतकथाकारांनीही ही मैत्री पुष्कळदा असा खुलासा देत देतच रंगवली आहे.

अशा मैत्रीला लावल्या जाणाऱ्या ‘प्लेटॉनिक’ या प्रचलित इंग्रजी विशेषणाचा इतिहास काहीसा वाकडा आहे. प्लेटोच्या ‘सिम्पोझियम’ या संवादात एका सुंदर देहाच्या ओढीपासून सौंदर्याच्या मूळ तत्त्वापर्यंत पायरीपायरीने चढत जाणारी प्रेमाची वाट वर्णिली आहे. ती डायोटिमा नावाच्या स्त्रीने आपल्याला सांगितली असे सॉक्रेटिस म्हणतो खरे, पण त्या बैठकीत चर्चा चालते ती मुख्यतः पुरुषांच्या पुरुषांवरील प्रेमाची. पंधराव्या शतकात फ्लॉरेन्समधील मार्सिलिओ फिचीनो या तत्त्वज्ञाने ‘प्लेटोचे प्रेम’ ही संज्ञा लॅटिनमध्ये रूढ केली, सतराव्या शतकात इंग्लंडची राणी हेन्रिएटा मराया हिच्या दरबारात ती स्त्री-पुरुषांच्या अशारीर प्रेमासाठी वापरण्याची टूम निघाली आणि तेथून घरंगळत ती आजच्या अर्थापाशी आली.

मराठी वाचकापाशी या नात्याचे एक माप आधीपासून आहे, ते कृष्ण आणि द्रौपदी यांचे. महाभारत ही आजच्या अर्थाने फँटसी नव्हे, परंतु तुलनेला ते टाळता येत नाही. वनपर्वात, द्यूतानंतर वनात भेटीला आलेल्या कृष्णापुढे द्रौपदी संतापते, मला पती नाहीत, पुत्र नाहीत, बांधव नाहीत आणि तूही नाहीस असे त्याला सुनावते, आणि प्रचलित पाठानुसार त्याने आपले रक्षण का केले पाहिजे याची चार कारणे मोजून दाखवते : नाते, मान, सख्य आणि सामर्थ्य. सख्य येथे नात्याहून वेगळे, स्वतंत्र कारण म्हणून उभे आहे. पुढे लोककथेने मात्र त्यात फेरफार केला. कृष्णाचे बोट कापले, सख्ख्या बहिणीला, सुभद्रेला, चिंधीसाठी आपले उंची वस्त्र फाडवेना आणि द्रौपदीने अंगावरचा भरजरी शेला विचार न करता फाडला, ही महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक असलेली कथा त्या दोघांना भाऊ-बहीण ठरवूनच संपते. सखा मागे सरतो आणि बंधू पुढे येतो. मैत्रीला रक्ताच्या नात्याचे पांघरूण घालण्याची ही युक्ती आधुनिक अद्भुतकथेतही जशीच्या तशी आढळते.

वास्तववादी कादंबरीत स्त्री-पुरुष एकत्र येतात ते चाळीत, कचेरीत किंवा गावात, म्हणजे पाहणाऱ्यांच्या देखत. अद्भुतकथा त्यांना प्रवासाला धाडते. रात्रीचा पहारा आळीपाळीने द्यायचा असतो, शेकोटी एक असते, शिधा मोजका असतो आणि समोर संकट असते; दोघांना एकत्र ठेवायला प्रेमाखेरीज दुसरे सबळ कारण लेखकाच्या हाती आयतेच येते. उलट बाजूने, हा साहित्यप्रकार ज्या परीकथांतून आणि मध्ययुगीन वीरकथांतून वाढला, त्यांत राजकन्या हे पराक्रमाचे बक्षीस असते. या दोन ओढींची रस्सीखेच बहुतेक कथांत दिसते. जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये (१९५४–५५) मोहिमेवर निघालेल्या नऊ सोबत्यांत एकही स्त्री नाही, तरीही रणांगणावर जाण्याची बंदी झालेली एओविन पुरुषवेष घेऊन निघते, तशीच बंदी झालेल्या मेरी या बुटक्या हॉबिट जमातीच्या तरुणाला आपल्या घोड्यावर पुढ्यात बसवून नेते आणि पुढे ज्याला कोणताही पुरुष मारू शकणार नाही असे भाकीत असते त्या शत्रूला ती दोघे मिळून संपवतात. नकोशा ठरलेल्या दोघांची ही सोबत फार थोड्या पानांची आहे, पण तिला कसलाच खुलासा जोडलेला नाही.

सी. एस. लुइस यांच्या ‘नार्निया’ मालिकेतील ‘द मॅजिशियन्स नेफ्यू’ (१९५५) या भागाला या विषयात मिळतो त्याहून अधिक मान मिळायला हवा. लंडनमधल्या एकाला एक लागून असलेल्या घरांच्या रांगेत राहणारी पॉली आणि डिगरी ही मुले. पॉलीने माळ्यावर, पाण्याच्या टाकीमागे स्वतःची एक गुहा केलेली असते. तिथे पैशांच्या पेटीत ठेवलेल्या बारीकसारीक मौल्यवान वस्तू असतात, ती लिहीत असलेली एक गोष्ट असते आणि बहुधा काही सफरचंदे असतात. या गुहेत डिगरीला प्रवेश मिळतो, तोच मैत्रीचा आरंभ. पुढे चार्न या मृत नगरीत जादूची घंटा वाजवू नये म्हणून पॉली अडवते, तेव्हा तो तिचे मनगट पिरगळून घंटा वाजवतो आणि त्यातून सारा अनर्थ ओढवतो. लंडनला परतल्यावर तो पुन्हा सोबत मागतो. ती ‘आधी माफी माग’ म्हणते, कशाबद्दल असे त्याने विचारताच अपराधांची यादी वाचून दाखवते, आणि तो आढेवेढे घेत पण मनापासून माफी मागतो. आयुष्यभर ती दोघे घट्ट मित्र राहतात, पॉली जवळजवळ दर सुट्टीत त्याच्या घरी राहायला जाते आणि मालिकेच्या शेवटच्या भागात म्हातारपणीही ती सोबतच दिसतात. लग्न त्यांचे होत नाही, आणि ते का झाले नाही हे सांगण्याची लुइस यांना गरज वाटत नाही. याच लेखकाच्या ‘द सिल्व्हर चेअर’मधील (१९५३) जिल आणि युस्टस ही शाळूसोबती एकमेकांना ‘पोल’ आणि ‘स्क्रब’ अशी आडनावांनी हाका मारतात. इंग्रजी शाळांतली मुले आपसात मारत तशाच, आणि त्या एका लकबीने मुलगी बरोबरीची होते. लहान मुलांच्या कथेत हे सोपे असते असा आक्षेप घेता येईल. तो खरा आहे, पण लुइस यांनीच ‘द हॉर्स अँड हिज बॉय’मध्ये (१९५४) सतत भांडणाऱ्या शास्ता आणि अराविस यांचे मोठेपणी लग्न लावून दिले आहे, म्हणजे निवड त्यांच्या हातात होती.

उर्सुला के. ले ग्विन यांच्या ‘द टूम्ब्स ऑफ ॲट्यूअन’मध्ये (१९७१) मैत्रीचा पाया विश्वास हा आहे आणि तो कमवावा लागतो. थडग्यांच्या भुयारात चोर म्हणून शिरलेल्या गेड या जादूगाराला कोवळ्या वयाची पुजारीण कोंडून ठेवते, तहानेने मरू द्यायचे ठरवते आणि मग स्वतःच पाणी नेऊन देते. लहानपणीच नाव काढून घेऊन जिला ‘अर्हा’, म्हणजे गिळली गेलेली, केले, त्या मुलीला तो तिचे ‘टेनार’ हे खरे नाव परत देतो. तुटलेल्या कड्याचा एक तुकडा त्याच्यापाशी, दुसरा देवळाच्या खजिन्यात असतो. सांधल्यावर ते कडे टेनारच्या हातात जाते. सुटकेनंतर, समुद्रकिनारी तो स्वस्थ बसला असताना, ती सुरा घेऊन त्याच्यापर्यंत जाते आणि थांबते. मैत्रीच्या चित्रणात हा सुरा येणे फार मोलाचे आहे, कारण सुटका करणाऱ्याविषयीचा रागही त्यात मावतो. या जगातील जादूगार ब्रह्मचारी असतात, त्यामुळे प्रणयाचा प्रश्न कथेत उभाच राहत नाही. एकोणीस वर्षांनी आलेल्या ‘तेहानू’त (१९९०) मात्र जादू गमावलेला गेड आणि विधवा टेनार उतारवयात एकत्र येतात. त्यामुळे आधीच्या पुस्तकातील मैत्री मागाहून प्रेमाची पूर्वपीठिका ठरते काय, यावर वाचकांची मते भिन्न आहेत. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने ती तशी ठरत नाही, कारण आधीच्या कथेतील एकही प्रसंग त्या आधारावर उभा नाही.

सर्वाधिक वाचले गेलेले उदाहरण अर्थातच जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेतील (१९९७–२००७) हॅरी आणि हर्मायनी यांचे. मैत्री जुळते ती एका खोट्यामुळे : राक्षसी ट्रोलच्या तावडीतून तिला सोडवणाऱ्या हॅरी आणि रॉन यांना शिक्षा होऊ नये म्हणून नियमांची पक्की असलेली हर्मायनी शिक्षिकेसमोर धडधडीत खोटे बोलते. चौथ्या भागात (२०००) रीटा स्कीटर ही पत्रकार दोघांच्या प्रेमाची बनावट बातमी छापते, आणि तिचा परिणाम लेखिकेने ईस्टरच्या चॉकलेटच्या अंड्यांतून दाखवला आहे. रॉनची आई हॅरीला आणि रॉनला भलीमोठी अंडी पाठवते, हर्मायनीला मात्र कोंबडीच्या अंड्याहूनही लहान. जगाला ही मैत्री दिसत नाही, हे सांगायला याहून नेमके माप सापडणे कठीण. शेवटच्या भागात रॉन रागाने निघून गेल्यावर ती दोघे कित्येक आठवडे एका तंबूत राहतात, नाताळच्या आदल्या रात्री हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यापाशी जातात, आणि तेथून पळताना हर्मायनीचाच मंत्र उलटून हॅरीची छडी मोडते. तो रागावतो, ती रडते, पुन्हा जुळते. प्रणयाची चाहूलही लागत नाही. तरीही परतलेल्या रॉनच्या मनातला संशय फेडण्यासाठी हॅरीला ती आपल्याला बहिणीसारखी आहे असे म्हणावे लागते. द्रौपदीच्या शेल्याची कथा येथे आठवल्यावाचून राहत नाही. २०१४ मध्ये एका मुलाखतीत रोलिंग यांनी रॉन आणि हर्मायनी यांची जोडी जमवण्याबाबत स्वतःच शंका बोलून दाखवली, तेव्हा हॅरी-हर्मायनीचे लग्न व्हायला हवे होते असे मानणाऱ्या वाचकांना नवे बळ मिळाले. या मैत्रीचे मैत्री म्हणून मोल आहे, हा मुद्दा त्या गदारोळात बाजूला पडला.

बहिणीच्या नात्याखेरीज दुसरा खुलासा म्हणजे शपथ किंवा जादूचा बंध. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ मालिकेत (पहिला भाग १९९०) एस सेदाई या जादू जाणणाऱ्या स्त्रिया आणि त्यांचे रक्षक यांच्यात असा बंध असतो. एकाची वेदना दुसऱ्याला जाणवते आणि ती मेली तर तो मरणाच्या वाटेला लागतो. म्वरेन आणि लॅन यांची सोबत जवळजवळ वीस वर्षांची आहे आणि ती प्रणयाची नाही. त्याचे प्रेम दुसरीवर जडते, तिचेही लग्न शेवटी दुसऱ्याशी ठरते. आपल्या मृत्यूनंतर त्याचा बंध दुसऱ्या स्त्रीकडे जावा, अशी तजवीज ती त्याला न विचारता करून ठेवते. त्याचा जीव वाचवण्यासाठीच केलेले हे काम त्याला अपमानासारखे लागते, आणि अशी जखम फक्त जुन्या मित्राचीच होऊ शकते. फिलिप पुलमन यांनी तर ही सोबत माणसाच्या आतच वसवली आहे : त्यांच्या ‘हिज डार्क मटेरियल्स’मध्ये (१९९५–२०००) प्रत्येकाचा आत्मा प्राण्याच्या रूपात बाहेर वावरतो आणि तो बहुधा विरुद्ध लिंगाचा असतो.

खुलाशाशिवायच्या मैत्रीकडे सर्वांत मोकळेपणाने टॅमोरा पिअर्स गेल्या आहेत. ‘प्रोटेक्टर ऑफ द स्मॉल’ या चार भागांत (१९९९–२००२) केल ही मुलगी उघडपणे सरदारकीचे शिक्षण घेऊ लागते आणि वयाने मोठा, वाचाळ नील तिचा पाठीराखा होतो. नीलला भाज्या आवडत नाहीत; केल पंगतीत शेजारी बसून त्याला त्या खायला लावते, आणि ही कटकट वर्षानुवर्षे चालते. मधल्या काळात केलचे मन त्याच्यावर जडतेही, पण ते ओसरते; नीलचे लग्न दुसरीशी ठरते, केल अविवाहितच राहते आणि मैत्रीला तडा जात नाही. आकर्षण आले म्हणजे मैत्री खोटी होती असे नव्हे, ही गोष्ट येथे भाषणाशिवाय कळते.

पडद्यावर आल्यावर अशा नात्यांचा कल बदलतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेच्या प्रकाशित पाच खंडांत (१९९६–२०११) सरदार जेमी आणि योद्धा स्त्री ब्रिएन यांच्यातील आदराला नाव मिळालेले नाही. त्यांवरून केलेल्या ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या आठव्या पर्वात (२०१९) तो तिला सरदारकी बहाल करतो, तो प्रसंग पुरेसा असताना दोनच भागांनी त्यांना शय्येपर्यंत नेले जाते. हॅरी पॉटरच्या २०१० च्या चित्रपटात तंबूतले एक नृत्य पदरचे घातले आहे. पुस्तकात ते नाही. उदास हर्मायनीला हसवण्याचा तो अवघडलेला प्रयत्न अनेकांना मैत्रीचाच वाटतो, अनेकांना नाही.

मराठीतील जुन्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत, लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांच्या ‘मुक्तामाला’पासून (१८६१) नारो सदाशिव रिसबूड यांच्या ‘मंजुघोषा’पर्यंत (१८६८), नायक-नायिकेचे प्रेम आणि त्यातील विघ्ने हाच कणा असल्यामुळे या मैत्रीला फारशी जागा नव्हती. आज मराठी वाचक ती अनुवादांतून किंवा मूळ इंग्रजीतून वाचतो, आणि अनुवादात एक अडचण हमखास येते. इंग्रजीतील मैत्रीवाचक नामाला लिंग नाही. मराठीत मित्र आणि मैत्रीण यांतून निवड करावीच लागते, आणि एखाद्या तरुणाची ‘मैत्रीण’ म्हटले की वर्तमानपत्री वापरामुळे ती प्रेयसी असल्याचा वास येतो. रोलिंग यांच्या सहाव्या भागात (२००५) हॅरी लूनाला मेजवानीला बोलावतो आणि आपण केवळ मैत्रीच्या नात्याने जाऊ असे सांगतो. असे कोणी आपल्याला आजवर बोलावलेच नव्हते, म्हणून ती हरखून जाते. मराठीत येथे ‘मित्र म्हणून’ लिहिले तर मुलगी पुल्लिंगी अनेकवचनात हरवते, आणि ‘मित्र-मैत्रीण म्हणून’ लिहिले तर नेमकी जोडी जमल्यासारखी वाटते. मूळ कथेत तोच गैरसमज करून घ्यायला पीव्ह्ज हे खोडकर भूत तिथे टपलेलेच असते, आणि पुढच्या क्षणी ते दोघांच्या प्रेमाचा पुकारा करत शाळाभर सुटते.